पॅसेंजरच्या तिकिटात पंचवीस कोटी वर्षं

ताडोब्याला वाघ बघायला जायचं म्हणजे आधी जिप्सीचं बुकिंग, मग रेल्वेचं, मग मुक्कामाचं. चौघांच्या घराचा हिशेब मांडला की सहल पुढच्या वर्षावर जाते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, वाघ आहे. त्याच यादीत मगरही आहे. आणि मगर बघायला सांगलीकराला कसलंच बुकिंग लागत नाही. विश्रामबागचं छोटं स्टेशन, साताऱ्याच्या दिशेनं जाणारी पॅसेंजर, भिलवडीचं तिकीट, पुढं वडाप नाहीतर एसटी. पिशवीत भडंगाचा पुडा, पाण्याची बाटली आणि कुणाकडून तरी मागून आणलेली दुर्बीण. माणशी दोनशे रुपयांच्या आत अख्खा दिवस निघतो.

विश्रामबाग सांगली आणि मिरज यांच्या मधलं. विलिंग्डन कॉलेज इथं १९१९ पासून आहे, वालचंदचं इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून. शिकायला आलेली किती मुलं वर्षानुवर्षं इथं राहतात, कृष्णेच्या पुलावरून शेकडो वेळा जातात, आणि या नदीत मगरी आहेत हे त्यांना फक्त पेपरातल्या बातमीतून कळतं. तीही बहुतेक वेळा वाईटच बातमी असते. त्या बातमीपलीकडं हा प्राणी काय चीज आहे हे एकदा सावकाश, सुरक्षित जागी बसून बघावं, एवढ्यासाठी ही सहल.

गाडी सांगली, माधवनगर, नांद्रे करत निघते. नांद्र्यानंतर येरळा ओलांडली की भिलवडी स्टेशन. चितळ्यांची १९३९ सालची डेअरी याच भागातली. मूळ गाव मात्र स्टेशनपासून काही किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, अधूनमधून द्राक्षबागा. हे दृश्य बघून इथं पाणथळ जागेतलं वन्यजीवन असेल असं कुणाला वाटत नाही. पाणथळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भरतपूर येतं, चिलिका येतं, फार तर नांदूरमधमेश्वर. पण १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यात पाणथळाची व्याख्या फार मोकळी केलेली आहे. पाणी नैसर्गिक असो की माणसानं अडवलेलं, कायमचं असो की हंगामी, साचलेलं असो की वाहतं, सगळं त्यात बसतं. त्या व्याख्येनं भिलवडीची कृष्णा अस्सल पाणथळ आहे.

शिवाय ही नदी आता पूर्वीसारखी वाहत नाही. जुन्या महाबळेश्वराहून निघालेल्या कृष्णेला कऱ्हाडात कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. या टप्प्यात जागोजागी बंधारे आहेत. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे घालतात आणि पाणी मागं तुंबत जातं. पूर्वी उन्हाळ्यात जिथं गुडघाभर धार असायची तिथं आता भर एप्रिलातही खोल, संथ पाणी असतं. हे पाणी अडवलं उसासाठी. पण संथ पाणी, भरपूर मासे, बाभळीच्या मुळ्यांनी धरलेले मातीचे उंच काठ आणि मधूनमधून मळीचे उतार, ही मगरीचीही गरज. शास्त्रीय नावातच तिला दलदलीची म्हटलं आहे: क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस. समुद्राकडं न जाता नदी, तळं, ओढा, कालवा असं जे गोडं पाणी सापडेल तिथं संसार थाटणारी ही जात. इराणच्या बलुचिस्तानापासून श्रीलंकेपर्यंत ती पसरलेली आहे. बडोद्याच्या विश्वामित्री नदीत तर ती भर शहरात राहते.

जायचं थंडीत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊच्या पुढं. त्याआधी गेलात तर धुकं आणि रिकामं पाणी. मगरीचं शरीर बाहेरच्या उन्हावर तापतं. रात्रीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं म्हणून ती पाण्यात राहते, आणि ऊन चढलं की काठावर येते. बसायचं पुलावर नाहीतर घाटाच्या अगदी वरच्या पायऱ्यांवर. पाण्याला लागून नाही. पाय सोडून तर नाहीच.

पहिला अर्धा तास काही दिसत नाही आणि तो अर्धा तास फार महत्त्वाचा आहे. पाणकावळे येतात, बुडतात, वर येतात, आणि पंख पसरून वाळत बसतात. कवड्या धीवर एका जागी हवेत पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. पैलतीरावर राखी बगळा, उथळ पाण्यात काळा शराटी, मळीवर टिटव्यांची कटकट. घाटावर बहुधा कुणीतरी जाणता माणूस असतोच. त्याला बाहेरून आलेल्यांची घाई माहीत असते. "तिकडं बघा सर, बाभळीच्या खाली. सकाळधरनं हाललेली न्हाई." आपण त्याच्या बोटाच्या रेषेत बघतो. मळीचा उतार. एक ओंडका. मग त्या ओंडक्याला शेपटी असते, शेपटीवर दोन ओळींत उभे दात असतात, आणि त्यापासून दहा पावलांवर एक बगळा उभा असतो.

आता त्या दोघांकडं नीट बघायचं. मगर आणि बगळा. मगरीचा जिवंत जगातला सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, असं विचारलं तर बहुतेक जण पाल, सरडा किंवा घोरपड म्हणतील. दिसायला तसंच आहे. पण रक्तानं उत्तर वेगळं येतं. मगरीची सगळ्यात जवळची जिवंत नातलग मंडळी म्हणजे पक्षी. तो बगळा, तो पाणकावळा, घरामागची कोंबडी. मगर घोरपडीला जितकी जवळची, त्यापेक्षा कितीतरी जास्त जवळ ती चिमणीला आहे. दोघांचे पूर्वज एकाच कुळातले. त्या कुळाला शास्त्रज्ञ आर्कोसॉर म्हणतात. साधारण पंचवीस कोटी वर्षांपूर्वी त्याच्या दोन शाखा झाल्या. एकीत पुढं डायनासोर आले आणि डायनासोरांतून पक्षी. दुसरीत मगरी. मधले बाकी सगळे गेले. या घराण्याचे दोनच वारस आज उरले आहेत आणि भिलवडीच्या मळीवर ते एकमेकांपासून दहा पावलांवर उभे असतात.

आपण बसलोय तो घाट काळ्या दगडाचा. तो दगड म्हणजे दख्खनच्या पठारावर थरावर थर साचलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. सह्याद्री हा आपल्याला काळाच्या पलीकडला वाटतो. पण मगर आणि पक्षी यांची फाटाफूट झाली तेव्हा सह्याद्री व्हायला अजून अठरा कोटी वर्षं अवकाश होता. इथं एक मात्र सांगितलं पाहिजे. मगरीला जिवंत जीवाश्म म्हणण्याची पद्धत आहे आणि ती मला पटत नाही. शाखा जुनी आहे, प्राणी जुना नाही. त्या शाखेत लांब पायांनी जमिनीवर पळणारे होऊन गेले, खोल समुद्रात पोहणारे होऊन गेले, पाला खाणारेसुद्धा होऊन गेले. आजच्या मगरीचं रूप हे त्या सगळ्यांतून टिकलेलं एक रूप आहे. ती थांबून राहिलेली नाही. ती घडत इथवर आली आहे.

नातं आहे म्हटलं तर खुणा दिसायला हव्यात. त्या अंगाच्या आत आहेत. पहिली खूण हृदयात. पाल, साप, कासव यांच्या हृदयाला तीन कप्पे. मगरीच्या हृदयाला चार, पक्ष्यांसारखे आणि आपल्यासारखे. चार कप्प्यांचं हृदय महाग असतं. ते लागतं सतत गरम राहणाऱ्या, धावपळ करणाऱ्या प्राण्याला. मग दिवसभर उन्हात पडून राहणाऱ्या मगरीला ते कशाला? काही अभ्यासकांचं म्हणणं असं की तिचे पूर्वज खरोखरच गरम रक्ताचे, जमिनीवर पळणारे शिकारी होते. ती पुढं पाण्यात उतरली, संथ झाली, हृदय मात्र पूर्वजांचं राहिलं. आणि त्या हृदयात तिनं एक सोय करून घेतली. डावीकडच्या आणि उजवीकडच्या मोठ्या धमन्यांच्या मुळाशी एक लहानसं भोक असतं. पानिझ्झा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं १८३३ साली त्याचं वर्णन केलं. पाण्याखाली श्वास रोखलेला असताना फुप्फुसांकडं रक्त पाठवून उपयोग नसतो. तेव्हा मगर एक झडप आवळून तो रस्ता बंद करत आणते आणि रक्त शरीराकडं वळवते. शांत पडून राहिली तर तासभरसुद्धा ती वर येत नाही. म्हणून, "अर्धा तास झाला, काही दिसलं नाही, म्हणजे इथं मगर नाही," हा हिशेब कृष्णेत कधीही करायचा नाही.

दुसरी खूण श्वासात, आणि ही तर २०१० पर्यंत कुणाला माहीतच नव्हती. आपली फुप्फुसं लोहाराच्या भात्यासारखी आहेत: हवा ज्या वाटेनं आत जाते त्याच वाटेनं बाहेर येते, आणि थोडी शिळी हवा दर वेळी आत उरतेच. पक्ष्यांचं तसं नाही. त्यांच्या फुप्फुसांत हवा एकाच दिशेनं फिरत जाते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. त्यामुळं ताजी हवा सतत मिळते. हंस हिमालय ओलांडून येतात त्यामागं ही रचना मोठा आधार आहे. ही युक्ती उडण्यासाठीच जन्मली असं सगळे धरून चालले होते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या कॉलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी मगरीच्या चुलतभावाची, ॲलिगेटरची, फुप्फुसं तपासली. हवा एकाच दिशेनं जात होती. ज्याला कधी पंख नव्हते, जो कधी उडणार नाही, त्याच्या छातीत पक्ष्याचा श्वास. म्हणजे ही युक्ती पहिल्या पंखाच्या कितीतरी आधीची, त्या जुन्या सामाईक घरातली.

हे वाचून मग मळीवरच्या त्या निश्चल प्राण्याकडं बघावं. तिचं तोंड उघडं असतं. ती जांभई देत नाहीये आणि कुणाला भिववतही नाहीये. अंग तापवताना डोकं जास्त तापू नये म्हणून जबडा उघडा ठेवून ती तिथली उष्णता घालवते. उघड्या जबड्यातले दात दुर्बिणीतून मोजता येतात. ते आयुष्यभर नव्यानं येत राहतात. एक पडला की खालून दुसरा.

त्याच जबड्याच्या कडेनं बारीक काळे ठिपके असतात. दुर्बीण चांगली आणि ऊन तिरपं असेल तर दिसतात. ते रंगाचे ठिपके नाहीत. प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीवर आलेला सूक्ष्म घुमट आणि त्याच्या खाली मज्जातंतूंचा गुच्छ. ॲलिगेटरांना असे घुमट फक्त तोंडावर असतात; आपल्या मगरीच्या जातकुळीत ते अंगभर, खवल्याखवल्यावर. २०१२ मध्ये डंकन लीच आणि केनेथ कॅटानिया यांनी मोजमाप केलं तेव्हा हे घुमट माणसाच्या बोटांच्या टोकांपेक्षाही जास्त संवेदनशील निघाले. ज्या कातडीला आपण चिलखत समजतो ती जगातल्या अत्यंत हळव्या कातड्यांपैकी एक आहे. काळोखात डोहात पडलेल्या एका थेंबाची लाट ॲलिगेटरला कळते आणि तो त्या दिशेला वळतो, हे प्रयोगानं सिद्ध झालेलं आहे. पाणवठ्यावर घागर बुडवली, कपडा आपटला, वासरानं तोंड घातलं, की त्याची खबर पाण्यातून तिच्या जबड्यावर पोहोचते. काठावर सावध राहायला का सांगतात याचं हे खरं कारण. आपण तिला बघत नसतो तेव्हाही ती आपल्याला वाचत असते.

बगळ्याकडं परत. तो इतका जवळ कसा उभा राहतो? बहुतेक वेळा त्याला चालतं, कारण तापायला आलेली मगर शिकारीला आलेली नसते. बहुतेक वेळा. मद्रास क्रोकोडाइल बँक ही १९७६ मध्ये रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी चेन्नईजवळ सुरू केलेली संस्था. तिथल्या तळ्यांवरच्या झाडांत बगळ्यांच्या वसाहती आहेत. विणीच्या दिवसांत बगळे काटक्या शोधत फिरतात आणि काटकीवरून भांडतातही. व्लादिमिर डिनेट्स या अभ्यासकाला तिथं अशा मगरी दिसल्या की ज्यांच्या नाकाडावर काटक्या होत्या, त्या पाण्यात अगदी स्थिर होत्या, आणि काटकी उचलायला आलेल्या बगळ्यावर झेपावत होत्या. २०१३ मध्ये त्यानं सहकाऱ्यांसोबत हे प्रसिद्ध केलं: सरपटणारा प्राणी आमिष वापरतो, आणि तेही पक्ष्याच्या विणीचा हंगाम ओळखून. पुढं अमेरिकेत ॲलिगेटरांवर झालेल्या एका चाचणीत याला पुष्टी मिळाली नाही. वाद मिटलेला नाही. मला स्वतःला हा वाद आवडतो, कारण तो घाटावर बसणाऱ्या कुणालाही खुला आहे. कृष्णाकाठच्या बाभळीवरही बगळे घरटी करतात. त्या झाडांखालच्या मगरींवर पावसाळ्याच्या तोंडी कुणी शाळामास्तर, कुणी कॉलेजची मुलगी रोज अर्धा तास नजर ठेवेल आणि वहीत लिहील, तर त्या वहीला किंमत आहे.

भिलवडीच्या समोर, पैलतीराला औदुंबर. दत्ताचं ठाणं. गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायात भिलवडीच्या भुवनेश्वरीची आणि औदुंबरच्या श्रीगुरूंची गोष्ट आहे: अभ्यासात मंद म्हणून हिणवला गेलेला एक मुलगा देवीपाशी निर्वाणीनं बसतो आणि तिनं सांगितल्यावर नदी ओलांडून गुरूंकडं जातो. भाविक ही गोष्ट कृपेची म्हणून वाचतात. नदीचा नाद असलेल्या माणसाला तीत आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे हा डोह त्या काळीही दोन काठांच्या मधला मोठा ओलांड होता. आज पूल आहे. पुलावरून दोन्ही काठ दिसतात आणि मगर बघायला याच्याइतकी चांगली, उंच, कुणालाही त्रास न देणारी जागा दुसरी नाही.

थंडी सरता सरता काठावरचं चित्र बदलतं. फेब्रुवारी ते एप्रिल हे मगरीचे अंड्यांचे दिवस. मादी पाण्यापासून थोडं वर, उन्हाच्या बाजूला, वाळूत किंवा मऊ मातीत मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा काढते, पंचवीस-तीस अंडी घालते आणि बुजवून टाकते. बाहेरून काही कळत नाही. कोंबडी अंड्यांवर बसून ती उलटसुलट करत असते. मगरीच्या अंड्याचं उलट आहे: गर्भ पहिल्या दिवसातच कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि नंतर अंडं फिरवलं तर तो मरतो. एवढं नाजूक.

आणि त्या अंड्यात मुलगा आहे की मुलगी हे ठरलेलं नसतं. आपल्याकडं ते गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांनी ठरतं, पक्ष्यांतही. मगरीला तशी लिंग ठरवणारी गुणसूत्रं नाहीत. तिथं ते वाळू ठरवते. मद्रासच्या बँकेत झालेल्या अभ्यासात दिसलं की खड्ड्याचं तापमान २८ ते ३१ अंश राहिलं तर सगळ्या माद्या निपजतात. साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. दीड-दोन अंशांचा खेळ. सावलीतला खड्डा आणि उन्हातला खड्डा, ओली माती आणि कोरडी वाळू, यांवर पुढच्या पिढीचा जमाखर्च. कृष्णेच्या मगरींचं भवितव्य ज्या वाळूवर आहे तीच वाळू ट्रॉलीत भरून जाते, आणि ज्या मळीत खड्डे व्हायचे ती मळी वीटभट्टीला जाते. उरलेल्या काठावर पाणी खेचायच्या मोटरी आणि पाइप. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच नदीवर तरंगत होता, तेव्हा माणसांच्या पिण्याच्या पाण्याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ते मासे कुणाचं तरी रोजचं अन्नही होते.

दोन-सव्वादोन महिन्यांनी, पहिल्या पावसाच्या आसपास, आतली पिल्लं कवच फुटायच्या आधीच ओरडू लागतात. एकाचं ऐकून दुसरं. अंड्यातून आवाज देणं ही पक्ष्यांचीही रीत आहे, तीही बहुधा त्याच जुन्या घरातली. इतके दिवस जवळपास राखण करणारी आई तो आवाज ऐकून माती उकरते. न फुटलेलं अंडं जिभेवर घेऊन हलक्या दाबानं फोडते. गुराचं हाड मोडणारा तो जबडा. त्यात वीतभर पिल्लं अलगद भरून ती पाण्याकडं नेते. मगरीच्या या जातीत बापसुद्धा पिल्लं तोंडात धरून पाण्यात सोडताना दिसला आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे फार दुर्मीळ. पण पक्ष्यांत? टिटवीचा नर अंड्यांवर बसतोच की. पुन्हा तेच घराणं.

या दिवसांत काठाजवळ अजिबात जायचं नाही. राखण करणारी मादी थंडीत उन्हाला पडलेल्या मादीसारखी स्वस्थ नसते. पुलावरून बघा, नाहीतर तेवढे महिने मायणीला जा. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातला तो तलाव आणि जवळचं येरळवाडी धरण आता पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्रात आहेत. पाणी योग्य उतरलं तर तिथं रोहित येतात. एसटीनं एका दिवसात होतं.

मगरींमुळं माणसं गेली आहेत, हे झाकून हा विषय लिहिता येणार नाही. अंघोळीला, धुण्याला, म्हशी धुवायला, मोटर बघायला पाण्यात उतरलेली माणसं, लहान मुलं. ज्या घरातलं कुणी गेलं त्या घराला मगरीच्या हृदयातल्या झडपेचं कौतुक सांगायला कुणी जाऊ नये. तिथं सांत्वन, भरपाई आणि पुन्हा असं होणार नाही याची व्यवस्था, एवढंच बोलावं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी गावांत शिरलं तेव्हा मगरीही शेतात आणि वस्तीत आल्या. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्यापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि एवढ्या लोंढ्यात मगरीलाही आपला डोह राखता येत नाही. अशी मगर शिवारात दिसली तर काठ्या घेऊन तिच्यामागं लागण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करणं दोघांच्याही जिवाला बरं.

"सगळ्या पकडून न्या" ही मागणी दर दुर्घटनेनंतर होते आणि ती दुःखातून येते. पण ती चालत नाही. मगर आपला ठिकाणा धरून असते आणि दूर नेऊन सोडलेली मगर परत यायला बघते. शिवाय मोकळ्या झालेल्या डोहात दुसरी येते. ज्यांना शेकडो वर्षं मगरींसोबत राहावं लागलं त्यांनी दुसऱ्या वाटा काढल्या. गोव्यात कुंभारजुवे कालव्याच्या काठच्या काही गावांत पौष महिन्यात शेतकरी चिखलाची मगर घडवतात, तिच्या अंगावर शिंपल्यांचे खवले बसवतात आणि तिची पूजा करतात. मानगे थापणी म्हणतात त्याला. खाजणाचे, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतीचे, बांध राखणाऱ्या माणसांनी पाण्यातल्या शेजाऱ्याशी वर्षातून एकदा केलेलं ते बोलणं आहे.

श्रीलंकेची वाट अधिक रोकडी आहे, आणि आपल्याकडं ती लगेच आणता येईल. तिथल्या नद्यांवर, मातऱ्याच्या निलवला नदीवर विशेषतः, अंघोळीच्या जागी पाण्यात अर्धगोल कुंपण घालतात. पूर्वी लाकडी मेखांचं किंवा बांबूचं, आता लोखंडी जाळीचं. पाणी आत येतं, मगर येत नाही. किंबुला कोटुवा हे त्याचं सिंहली नाव. एका कुंपणात दहा-वीस माणसं निर्धास्त अंघोळ करतात, धुणं धुतात. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, आमणापूर, ब्रह्मनाळ, डिग्रज. प्रत्येक गावाचा धुण्याचा एक आणि जनावरांचा एक असा घाट ठरलेला आहे, तो काही किलोमीटरभर पसरलेला नाही. ऊस बांधावर आणायला आपण नदीत जॅकवेल उभारतो, बंधाऱ्यांना दर वर्षी बरगे घालतो आणि काढतो. तेवढंच लोखंड, तेवढेच मजूर. पुराच्या आधी जाळी उचलायची, दिवाळीनंतर पुन्हा बसवायची. काम बरगे घालणाऱ्याच माणसांना जमेल असं आहे, आणि ग्रामपंचायत, पाटबंधारे खातं आणि वनविभाग एकत्र बसले तर एका हिवाळ्यात पहिला घाट तयार होऊ शकतो.